काहिलीचे तापमान आणि लॅपटॉपचा चार्जर : यूएसबीवर चालणाऱ्या डेटा ॲक्विझिशनमधील विद्युत नॉइज कसा कमी करावा?

काहील११८ (प्रश्न)

सर्व जाणकारांना नमस्कार.

आम्ही कोल्हापूर जिल्ह्यातील एका गुऱ्हाळात काहिलीतील (रस आटवण्याच्या मोठ्या कढईतील) रसाचे तापमान संगणकावर नोंदवण्याचा विद्यार्थी-प्रकल्प करीत आहोत. गूळ उतरवण्याची वेळ गुळव्या आजही फेसावरून आणि पाण्यात टाकलेल्या पाकाच्या गोळीवरून ठरवतो, आणि त्याचा अंदाज क्वचितच चुकतो. त्या अंदाजाशेजारी तापमानाचा आलेख ठेवून पाहावा, एवढाच आमचा हेतू आहे. पाक साधारणपणे ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरवला जातो आणि शेवटच्या टप्प्यात दोन-तीन अंशांनीही गुळाच्या कठीणपणात फरक पडतो. त्यामुळे एका अंशाहून अधिक चूक आम्हाला चालणार नाही.

काहिलीच्या कडेला स्टेनलेस स्टीलच्या नळीतील के प्रकारची सहा थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांच्या जोडबिंदूपाशी तापमानानुसार व्होल्टेज देणारे संवेदक) क्लॅम्पने बसवली आहेत. त्यांची जोडबिंदूची टोके नळीच्या आतील बाजूस वेल्ड केलेली आहेत. प्रत्येकाची तार सुमारे १० मीटर लांब आणि ०.५ मिलिमीटर जाडीची असून ती थेट १६ बिटच्या यूएसबी डेटा ॲक्विझिशन युनिटमध्ये (व्होल्टेज मोजून आकडे संगणकाला देणाऱ्या उपकरणात) जाते. युनिटची मर्यादा अधिक-उणे ८० मिलिव्होल्ट अशी ठेवली आहे, सर्व चॅनेल सिंगल-एंडेड (म्हणजे सर्वांच्या ऋण तारा एकाच सामाईक ग्राउंडला) जोडले आहेत, आणि युनिट स्वतःच्या घड्याळावर प्रत्येक चॅनेलचे सेकंदाला १० नमुने घेते. युनिटला वीज लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टातूनच मिळते. लॅपटॉपचा चार्जर दोन पिनांचा आहे.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत काचेच्या चंचुपात्रातील उकळत्या पाण्यात हीच मांडणी उत्तम चालली. सहाही चॅनेल ९८ अंशांच्या जवळ, अर्ध्या अंशाच्या आत स्थिर होते. गुऱ्हाळात मात्र दोन प्रकारचा त्रास होतो. सहाही चॅनेलवर एक संथ लाट दिसते, जी पाच-सहा अंश वर आणि तितकीच खाली जाते. तिचा एक फेरा कधी वीस सेकंदांत पुरा होतो, कधी त्याला जवळजवळ मिनिट लागते. लॅपटॉपच्या धातूच्या झाकणाला हात लावला की तिची उंची बदलते. शिवाय चरकाची मोटर सुरू किंवा बंद करताना आलेखावर उंच काटे उमटतात.

आमचा संशय यूएसबीच्या ५ व्होल्ट पुरवठ्यावर आहे. त्या तारांवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडावा, स्वतंत्र अडॅप्टरचा यूएसबी हब घ्यावा, केबलवर फेराइटचे क्लॅम्प बसवावेत, की थेट २४ बिटचे युनिट विकत घ्यावे, याबद्दल मार्गदर्शन मिळावे. खर्चाची मर्यादा आहे.

---

जुना_गॅल्व्हानोमीटर

आपण प्रयोगशाळेतील आणि गुऱ्हाळातील मांडणी शेजारी-शेजारी सांगितली, हे फार बरे झाले, कारण उत्तराचा निम्मा भाग त्या फरकातच आहे. काचेचे चंचुपात्र विजेला वाट देत नाही. काहील धातूची आहे, ती चुलवाणावर म्हणजे जमिनीवर बसलेली आहे, आणि आपल्या थर्मोकपलचा जोडबिंदू नळीला, नळी क्लॅम्पला आणि क्लॅम्प काहिलीला विद्युतदृष्ट्या चिकटलेला आहे. म्हणजे गुऱ्हाळात आपल्या युनिटचे ग्राउंड सहा ठिकाणी जमिनीला टेकते, आणि प्रयोगशाळेत ते कोठेही टेकत नव्हते. पुरवठ्याचा दोष असता तर तो चंचुपात्रातही दिसला असता.

आता प्रवाह येतो कोठून, ते पाहू. लॅपटॉपच्या चार्जरमध्ये मुख्य विजेची बाजू आणि कमी व्होल्टेजची बाजू यांच्यामध्ये मुद्दाम एक छोटा कपॅसिटर बसवलेला असतो, ज्याला वाय कपॅसिटर म्हणतात. चार्जरच्या स्विचिंगमुळे बाहेर पसरणारा उच्च वारंवारितेचा उपद्रव रोखणे हे त्याचे काम. पण त्यातून ५० हर्ट्झचाही थोडा प्रवाह झिरपतो. तो साधारणपणे काही दशक मायक्रोअँपिअर ते शंभराच्या आसपास असतो. धातूच्या लॅपटॉपवर हात फिरवताना जी हलकी झिणझिणी जाणवते, ती याचीच. दोन पिनांच्या चार्जरला अर्थची वाट नसल्याने हा प्रवाह जमिनीकडे जाण्यासाठी दुसरा मार्ग शोधतो, आणि आपल्या मांडणीत तो मार्ग लॅपटॉप, यूएसबीचे ग्राउंड, युनिटचे ॲनालॉग ग्राउंड, थर्मोकपलची ऋण तार, काहील आणि जमीन असा जातो.

याचा हिशेब करून पाहावा, कारण आकडा लहान वाटला तरी परिणाम लहान नाही. के प्रकारच्या थर्मोकपलची ऋण तार ॲल्युमेलची असते आणि ०.५ मिलिमीटर जाडीला तिचा रोध मीटरला सुमारे दीड ओहम, म्हणजे १० मीटरला १५ ओहम होतो. एकाच तारेतून ७० मायक्रोअँपिअर गेले तर तिच्यावर सुमारे एक मिलिव्होल्ट पडतो. थर्मोकपल अंशाला जेमतेम ४१ मायक्रोव्होल्ट देते, तेव्हा एक मिलिव्होल्ट म्हणजे २५ अंश. आपल्याकडे सहा तारा समांतर असल्याने प्रवाह वाटला जातो आणि प्रत्येकीच्या वाट्याला प्रभावी (आरएमएस) मूल्याने चार अंशांची चूक येते, जिचे शिखर सहा अंशांच्या जवळपास जाते. आपण लिहिलेली लाट नेमकी तेवढीच आहे. चार्जर बदलला तर आकडा थोडा मागे-पुढे होईल, पण कारण तेच राहील.

राहिला प्रश्न, ५० हर्ट्झचा नॉइज वीस सेकंदांच्या संथ लाटेसारखा का दिसतो. सेकंदाला १० नमुने घेतले तर दोन नमुन्यांमध्ये ५० हर्ट्झची बरोबर पाच आवर्तने होतात, म्हणून प्रत्येक नमुना लाटेच्या त्याच बिंदूवर पडतो. ग्रिडची वारंवारिता अचूक ५० असती तर आपल्याला केवळ एक स्थिर चूक दिसली असती, आणि ती अधिक धोकादायक ठरली असती, कारण तिचा संशयही आला नसता. प्रत्यक्षात ग्रिड कधी ४९.९५, कधी ५०.०३ असे हलत असते. ४९.९५ असताना फरक ०.०५ हर्ट्झचा, म्हणून फेरा वीस सेकंदांचा. फरक कमी झाला की फेरा लांबतो. यालाच एलियासिंग म्हणतात. शेकडो लिटर रस वीस सेकंदांत दहा-बारा अंश खाली-वर होणे शक्य नाही, एवढ्यावरूनही ही लाट तापमानाची नाही हे कळते.

काहीही विकत घेण्यापूर्वी तीन चाचण्या कराव्यात. युनिटच्या एका चॅनेलचे टोक जाड तारेच्या आखूड तुकड्याने ग्राउंडशी जोडून बघा. त्या चॅनेलवर दोन-तीन पायऱ्यांपेक्षा जास्त हालचाल नसेल तर युनिट आणि यूएसबीचा पुरवठा दोघेही निर्दोष आहेत. आपल्या मर्यादेत १६ बिटची एक पायरी सुमारे २.४ मायक्रोव्होल्टची, म्हणजे अंशाच्या सोळाव्या भागाची असते. नंतर थर्मोकपल जोडून चार्जर काढा आणि बॅटरीवर नोंद घ्या. शेवटी चार्जर परत लावून नमुन्यांचा वेग १० ऐवजी १३ करा. खरे तापमान असेल तर आलेखाचा आकार बदलणार नाही. एलियास असेल तर संथ लाट जाऊन अर्ध्या सेकंदाची जलद थरथर दिसू लागेल.

आपल्या चार पर्यायांविषयी थोडक्यात. यूएसबीच्या नियमाप्रमाणे उपकरणाने पोर्टावर १० मायक्रोफॅरडपेक्षा अधिक भार एकदम टाकू नये, त्यामुळे १००० मायक्रोफॅरड जोडल्यास पोर्ट बंद पडण्याचीच शक्यता अधिक. स्वतंत्र अडॅप्टरचा हब म्हणजे आणखी एक वाय कपॅसिटर. फेराइट मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात उपयोगी पडते, ५० हर्ट्झला ते दिसतही नाही. आणि २४ बिटचे युनिट तीच चूक आणखी बारीक पायऱ्यांत मोजून देईल.

---

काहील११८

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहोत. तिन्ही चाचण्या केल्या. ग्राउंडशी जोडलेला चॅनेल दोन पायऱ्यांच्या आत स्थिर राहिला. चार्जर काढताच लाट नाहीशी झाली आणि अर्ध्या अंशाची किरकोळ थरथर उरली. चार्जर लावून १३ नमुन्यांवर गेलो तेव्हा लाट खरोखरच अर्ध्या सेकंदाची झाली. विद्यार्थ्यांना हे दृश्य फार आवडले.

अडचण अशी की हंगामात गुऱ्हाळ पहाटेपासून चालते आणि एकामागून एक आधणे निघतात, त्यामुळे दिवसभर बॅटरीवर राहणे शक्य नाही. जोडणी डिफरन्शियल (म्हणजे प्रत्येक थर्मोकपलच्या दोन तारांमधील फरक स्वतंत्रपणे मोजणारी) करावी असा विचार केला, पण आमच्या युनिटमध्ये सिंगल-एंडेड आठ आणि डिफरन्शियल चारच चॅनेल मिळतात. आम्हाला सहा हवे आहेत. तेथील एका वायरमनने तीन पिनांचा चार्जर आणून त्याची अर्थची पिन मोडून टाकण्याचा सल्ला दिला आहे. तो योग्य आहे का?

---

तांब्याची_तार

शेवटच्या वाक्याचे उत्तर आधी देतो : कृपया तसे करू नये. अर्थची पिन मोडलेल्या चार्जरच्या आत दोष निर्माण झाला तर लॅपटॉपचे धातूचे अंग जिवंत होते, आणि गुऱ्हाळात जमीन ओली, पाय बहुधा अनवाणी आणि हात काहिलीवर असतात. शिवाय त्याने आपला मूळ प्रश्नही सुटत नाही, कारण पिन मोडलेला चार्जर म्हणजे आपल्याकडे आज आहे तोच दोन पिनांचा चार्जर. उलट ज्या बोर्डावरून लॅपटॉप चालतो, तेथे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारा स्विच) आहे की नाही, हे त्याच वायरमनकडून एकदा तपासून घ्यावे.

प्रवाहाची वाट तोडायची असेल तर ती लॅपटॉप आणि युनिट यांच्यामध्ये तोडणे सर्वांत सोयीचे. यासाठी यूएसबी आयसोलेटर मिळतात. बाजारातील बहुतेक लहान बोर्डांवर एडीयूएम ३१६० किंवा एडीयूएम ४१६० ही चिप असते. ती डेटा चुंबकीय जोडणीने पलीकडे नेते, आणि शेजारचा छोटा डीसी-डीसी कन्व्हर्टर ५ व्होल्टचा पुरवठा विलग करतो. घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. या चिप सेकंदाला १२ मेगाबिटपर्यंतच चालतात, म्हणून आपले युनिट त्या वेगावर काम करते का, हे त्याच्या माहितीपत्रकात तपासा. दुसरे म्हणजे, बोर्डावरील कन्व्हर्टर सहसा एक वॅटचा असतो आणि त्यातून २०० मिलिअँपिअरपेक्षा अधिक प्रवाहाची अपेक्षा धरता येत नाही. युनिट त्याहून जास्त घेत असेल तर ते अधूनमधून बंद पडेल आणि आपण दोष भलतीकडेच शोधत बसाल. हा कन्व्हर्टर स्वतःही उच्च वारंवारितेचा थोडा नॉइज निर्माण करतो. पण तो रोखणे ५० हर्ट्झपेक्षा पुष्कळ सोपे असते, आणि वर हिणवले गेलेले फेराइट येथे कामाला येते.

चॅनेलच्या संख्येबाबत माझे मत असे की डिफरन्शियलच्या मागे लागण्याऐवजी थर्मोकपल बदलावीत. जोडबिंदू नळीपासून विलग असलेली, म्हणजे आत मॅग्नेशियम ऑक्साइडची भरण असून टोक नळीला न टेकणारी थर्मोकपल साधारण त्याच किमतीत मिळतात. ती किंचित संथ असतात, पण काहिलीसारख्या अवजड वस्तूसाठी काही सेकंदांचा विलंब गौण आहे. सध्याची जमिनीला चिकटलेली थर्मोकपल सिंगल-एंडेड ठेवली तर आयसोलेटर लावूनही एक दोष शिल्लक राहतो : सहाही ऋण तारा एका टोकाला युनिटमध्ये आणि दुसऱ्या टोकाला काहिलीत एकत्र येतात, आणि काहिलीच्या दोन बाजूंच्या तापमानात फरक असेल तर त्या बंद वलयात एक बारीक स्थिर प्रवाह फिरतो. तो नॉइजसारखा थरथरत नाही, त्यामुळे नजरेला येत नाही, आणि रीडिंग अंशा-दीड अंशाने हलवू शकतो. तुमची अट एका अंशाची आहे, म्हणून हे सांगणे आवश्यक वाटले.

विलग थर्मोकपल आणि आयसोलेटर असे दोन्ही झाल्यावर संपूर्ण युनिट तरंगते, म्हणजे जमिनीशी कोठेही न जोडलेले, राहते. ते तसेच सोडू नये. युनिटच्या ॲनालॉग ग्राउंडपासून काहिलीपर्यंत एकच तार न्यावी, आणि जमिनीशी संबंध येईल तो फक्त त्या एका ठिकाणी यावा.

---

सरासरी_काढा

वरील सर्व ठीक आहे, परंतु पैसे खर्च करण्याआधी सॉफ्टवेअरने काय साधते तेही पाहावे, असे मला वाटते. प्रत्येक चॅनेलचे सेकंदाला १००० नमुने घेऊन सलग १०० नमुन्यांची सरासरी काढली तर ती १०० मिलिसेकंदांची, म्हणजे ५० हर्ट्झच्या पाच पूर्ण आवर्तनांची होते आणि तो घटक जवळजवळ पूर्णपणे कटतो. ग्रिड ४९.९ वर असतानाही पाचशेव्या हिश्श्याच्या आसपासच काय ते शिल्लक राहील. आपल्याला पुन्हा सेकंदाला १० रीडिंग मिळतात आणि खर्च शून्य. सहा चॅनेलचे मिळून सेकंदाला ६००० नमुने बरीच साधी यूएसबी युनिटे देतात.

---

जुना_गॅल्व्हानोमीटर

ही सूचना चांगली आहे आणि आयसोलेटर लावला तरी ती अमलात आणावीच. बॅटरीवर असताना जी अर्ध्या अंशाची थरथर उरली होती, ती आसपासच्या वायरिंगमधून तारांत शिरलेली असावी, आणि तिचा बंदोबस्त या सरासरीनेच होईल. तथापि केवळ सरासरीवर विसंबू नये, असे मी म्हणेन. सरासरीने ५० हर्ट्झ जातो आणि त्याच्या पूर्ण पटीतल्या वारंवारिताही जातात. पण चार्जरच्या प्रवाहात स्विचिंगचा जो उच्च वारंवारितेचा भाग असतो, तो युनिटच्या आतील ॲम्प्लिफायरमध्ये काही प्रमाणात एकदिश होऊन (रेक्टिफाय होऊन) स्थिर चुकीत रूपांतरित होऊ शकतो. एकदा तो स्थिर झाला की सरासरी त्याला खरे तापमान समजूनच मोजते. दुसरे असे की सेकंदाला १००० नमुन्यांवरही ५०० हर्ट्झच्या पुढचे सारे खाली दुमडून येतेच.

म्हणून नमुने घेण्यापूर्वी, तारांच्या टोकाशी एक साधा आरसी फिल्टर असावा. थर्मोकपलच्या दोन्ही तारांत प्रत्येकी एक किलोओहम आणि त्यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरड ठेवल्यास ८ हर्ट्झचा फिल्टर तयार होतो. तो ५० हर्ट्झला सहापटीने आणि एक किलोहर्ट्झला शंभरपटीहून अधिक दाबतो. सिंगल-एंडेड जोडणीत ऋण तार थेट ग्राउंडला जात असल्याने तिच्यातला रेझिस्टर वगळून धन तारेत दोन किलोओहम घातले तरी गणित तेच राहते. कपॅसिटर इलेक्ट्रोलिटिक घेऊ नये, कारण त्याची गळती थर्मोकपलच्या काही मिलिव्होल्टांना पुरेशी बोचते. फिल्म किंवा चांगला सिरॅमिक घ्यावा. रेझिस्टर मोठे घेण्याचा मोहही टाळावा : युनिटच्या इनपुटमध्ये एक नॅनोअँपिअरचा प्रवाह असेल आणि रोध १० किलोओहम असेल, तर १० मायक्रोव्होल्टची म्हणजे पाव अंशाची चूक केवळ फिल्टरमुळे येते.

---

काहील११८

आयसोलेटर आणि विलग थर्मोकपल मागवली आहेत. सरासरीची सूचना लगेच अमलात आणली. चार्जर लावलेला असतानाही लाट आता डोळ्यांना दिसत नाही. मात्र त्याच चॅनेलवर चार्जर लावल्यावर रीडिंग अंशाच्या तिसऱ्या भागाने सरकते आणि काढल्यावर परत येते, म्हणजे एकदिश होण्याबद्दल जे लिहिले आहे ते आमच्याकडे प्रत्यक्षात घडत असावे. मोटरचे काटे मात्र कमी होऊनही शिल्लक आहेत. मोटर तीन फेजची आहे आणि तिचा स्टार्टर काहिलीपासून काही पावलांवर भिंतीला लावलेला आहे. आमच्या तारा त्याच भिंतीवरून, मोटरच्या केबलला लागून आणल्या आहेत.

---

तांब्याची_तार

तर मग पहिले काम तारा भिंतीवरून उतरवण्याचे. मोटर सुरू होताना केबलमधून चालू प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह क्षणभर वाहतो, आणि दहा मीटर समांतर जाणारी थर्मोकपलची तार त्या चुंबकीय क्षेत्रात मोठे वलय बनून बसते. शक्य असेल तर हातभर तरी अंतर ठेवावे, आणि जेथे मोटरची केबल ओलांडणे भाग आहे तेथे काटकोनात ओलांडावे. थर्मोकपलच्या दोन्ही तारा एकमेकींना पिळलेल्या असाव्यात, म्हणजे शेजारशेजारच्या पिळांत निर्माण होणारे व्होल्टेज परस्परांना रद्द करतात. तारांवर जाळीची शील्ड असेल तर ती एकाच टोकाला, तुमच्या मांडणीत युनिटच्या ॲनालॉग ग्राउंडला जोडावी. दोन्ही टोके जोडली तर ज्या वलयातून आत्ताच सुटका करून घेतली ते शील्डमार्गे पुन्हा तयार होते.

बंद करतानाचा काटा बहुधा मोटरपेक्षा स्टार्टरमधील कॉन्टॅक्टरच्या (मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचच्या) कॉइलचा असतो. कॉइलवर आरसी स्नबर (काटा शोषून घेणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) बसवला की तो उगमापाशीच दबतो. हे तयार मिळतात आणि कॉन्टॅक्टरच्या टर्मिनलवर थेट बसतात. मात्र ते काम वायरमनने मुख्य स्विच बंद करूनच करावे. त्यानंतरही एखादा काटा आलाच, तर तो १०० मिलिसेकंदांच्या एका रीडिंगपुरता असेल. त्यासाठी सरासरीनंतर सलग पाच रीडिंगांचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारे मूल्य) घ्यावा. आणखी सरासरी काढू नये, कारण ती काट्याला पसरवून रुंद करते. मध्यक त्याला सरळ वगळतो आणि तुमच्या आलेखाला जेमतेम पाव सेकंदाचा विलंब लावतो.